टोपलीचं वजन

खूप खूप जुनी गोष्ट बरं का, दोन राज्यांच्या मध्ये नुसता एक डोंगर असायचा तेव्हाची. त्या डोंगराच्या खिंडीत जकात नाका होता. पलीकडून फळं-भाज्या आल्या की तिथे तोलायच्या आणि वजनाच्या मानाने राजाचा वाटा फळांतूनच काढून घ्यायचा. नियम सरळ होता. आधी भरलेली टोपली तोलायची, मग रिकामी, आणि रिकामीचं वजन वजा करायचं.

तोलायला होता भिवजी. माणूस वाईट नव्हता, पण शाबासकीचा भारी हावरा! एक दिवस त्याने टोपली वजा करणंच सोडून दिलं. राजाचं कोठार भरलं, दरबारात पाठ थोपटली गेली, स्वारी खूश.

एका संध्याकाळी एक म्हातारी डाळिंबं घेऊन आली. एवढा डोंगर चढून आली, पण तिला धाप म्हणून लागली नव्हती.

"अरे, टोपली वजा कर की," ती म्हणाली.

"फळं टोपलीतूनच आली ना, आजी? मग तीही फळांतच धरायची!" भिवजी हसला.

म्हातारी हसली नाही. "जी फळं नाहीतच, त्यांचं वजन तू धरतोस. ते कुणाच्या तरी अंगातून भरून निघतंय. घरी जाऊन बघ."

भिवजी चरकला. तसाच घरी धावला. अंगण नुकतंच सारवलं होतं आणि त्याची लाडकी लेक येसू त्यावर उड्या मारत होती. ओल्या सारवणावर तिचं एकही पाऊल उमटत नव्हतं.

"तिच्या ओच्यात दोन-चार खडे बांधलेत मी," बायको रडत म्हणाली. "वारा सुटला की पाय टेकत नाहीत हो पोरीचे. तुम्हाला सांगणार कधी? तुम्ही घरी असता कुठे?"

भिवजीने खडे सोडून येसूला उचललं. हाताला काही लागलंच नाही. तिला नाक्यावर नेऊन पारड्यात बसवलं, दुसऱ्या पारड्यात एकच डाळिंब ठेवलं. डाळिंबाचं पारडं खाडकन खाली गेलं.

"बाबा, मला खाली घ्या ना," वरून येसू म्हणाली.

म्हातारी कुठेच नव्हती.

भिवजीने राजापुढे सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक टोपली वजा होऊ लागली. येसूचं हलकं होणं थांबलं, पण गेलेलं वजन काही परत आलं नाही. पोर उंच झाली, शहाणी झाली, आणि तरी वारा सुटला की भिवजी तराजू टाकून धावायचा, तिचा हात घट्ट धरून बसायचा. आता तो म्हातारा झाला होता. आपल्यामागे हा हात कोण धरणार, एवढंच तो वाऱ्याला विचारायचा.

म्हणून सांगतो, मुलांनो आणि मोठ्यांनो: हक्काचं नसलेलं वजन दुसऱ्याच्या मालात धरू नका, त्याची भरपाई आपल्याच जिवलगांना करावी लागते.