मागचा डावा स्पीकर

"पाचाचा घेऊ की साताचा?"

श्रीरंगनं कागद चाचांपुढे सरकवला. कागदावर त्याच्या खोलीचा नकाशा होता. मधोमध खुर्ची, खुर्चीभोवती कंपासनं काढलेलं वर्तुळ आणि वर्तुळावर लाल ठिपके. ठिपका म्हणजे स्पीकर.

दस्तगीरचाचांनी कागदाकडे बघितलं नाही. ओसरीवर बसून, मांडीवर लाउडस्पीकरचा जुना कर्णा आडवा घेऊन ते त्याचा एक गंजलेला स्क्रू सोडवत होते. स्क्रू हटून बसला होता, आणि चाचांनाही घाई नव्हती.

बार्शीच्या आसपास चाळीस वर्षं एकही जत्रा चाचांच्या कर्ण्याशिवाय झाली नाही. मैदानात नुसतं उभं राहून, कर्णा कुठल्या झाडावर आणि कुणीकडे तोंड करून बांधायचा, हे ते सांगायचे. श्रीरंग त्यांचा शिष्य. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये त्यांच्याकडे सोल्डरिंग शिकला, त्या नादानं इंजिनियर झाला, आणि आता घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करत होता. आपल्या कानांचा त्याला भारी अभिमान. कुठली वायर सैल आहे हे तो नुसतं ऐकून सांगे. कुणी विचारलं नाही तरी सांगे.

"पाचाचा म्हंजे?"

"पाच स्पीकर आणि खाली एक दणका देणारा सबवूफर. पुढे तीन, मागे दोन. मधे मी. मीटिंग असो नाहीतर सिनेमा, आवाज चहूबाजूंनी आला पाहिजे. सातात आणखी दोन वाढतात."

"मागं कशाला पायजेत? तुझं तोंड तर पुढं हाय."

श्रीरंगला बरं वाटलं. गुरूला एखादी गोष्ट ठाऊक नसली की शिष्याला जे बरं वाटतं, ते.

"तीच तर गंमत आहे, चाचा. मागे पाऊल वाजलं, दार वाजलं, कुणी हाक मारली, तर ती मागूनच आल्यासारखी वाटली पाहिजे. माणसानं चटकन वळून बघितलं पाहिजे. वळायला लावतो तो खरा स्पीकर."

"वा!" चाचा म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

आतून चाचींची हाक आली. "अवो, ऐकलं का?"

"ओ!"

चाचांनी कर्णा खाली ठेवला. गुडघे धरून उठले, आत गेले. थोड्या वेळानं परत आले.

"डब्याचं झाकण निघंना तिला."

श्रीरंगनं पुन्हा कागदावर बोट टेकवलं. "तर पुढचे तीन भिंतीला लागतात. मागचा उजवा कपाटावर. अडचण आहे ती मागच्या डाव्याची…"

"अवो…"

"ओ!"

पुन्हा गुडघे. पुन्हा आत. या खेपेला सुईत दोरा ओवायचा होता.

श्रीरंगनं घड्याळ बघितलं. साडेदहाला त्याची मीटिंग होती. मागच्या डाव्याच्या अडचणीपाशी तो पुन्हा पोचतो न पोचतो तोच तिसरी हाक आली, आणि चाचा तिसऱ्यांदा ओ देऊन उठले. आता मात्र श्रीरंगच्या तोंडून 'च्यक्' निघालंच. चाचांना ते ऐकू गेलं असणार. कान त्यांचेही काही वाईट नव्हते.

चाचा परत आले.

"आता काय होतं?" श्रीरंगनंच विचारलं.

"काही न्हाई."

"मग हाक कशाला मारली?"

"बघत हुती, मी हाय का."

चाचांनी कर्णा पुन्हा मांडीवर घेतला.

"चाचा, तुम्हाला एक बेल बसवून देऊ का? आमच्या अप्पांना दिलीय तसली. सारखी ऊठबस नको."

अप्पा म्हणजे श्रीरंगचे वडील. गावच्या शाळेत गणित शिकवायचे, तेव्हा त्यांनी वर्गातून मारलेली हाक मैदान ओलांडून जात असे. दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला आणि तो आवाज गेला. आता त्यांची हाक जेमतेम पलंग ओलांडते.

"उशाशी बटण बसवलंय," श्रीरंग सांगू लागला. "त्यांनी दाबलं की माझ्या कॉम्प्युटरपाशी लाल दिवा लागतो. हाक मारायची गरजच उरली नाही."

"दाबत्यात?"

"सुरुवातीला फार दाबायचे. दिवसातून वीस वेळा. मी काम टाकून जायचो, तर काही नाही! नुसते बघत बसायचे माझ्याकडे. मग एकदा नीट समजावलं. म्हटलं, अप्पा, काम असेल तेव्हाच दाबत जा."

"मग?"

"महिना झाला, दिवा लागला नाही. शांत झालेत आता."

चाचांचा हात स्क्रूवर थांबला.

"शांत…"

"हो. समजून घेतात बिचारे."

अंगणातल्या लिंबाखाली कोंबडी माती उकरत होती, तिचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता.

मग चाचांनी पहिल्यांदाच तो कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला.

"मागचा डावा म्हंजे हा?"

"हो. तीच अडचण. तो नेमका दारात येतो. त्याला स्टँडवर उभा करायचा तर दार कायमचं लावून घ्यावं लागेल."

"लाव की. कुठलं दार हाय ते?"

"माजघरातलं."

"पलीकडं काय हाय?"

"पलीकडे… अप्पांचा पलंग."

चाचांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. पुन्हा सुलटा केला.

"यात दिसत न्हाई."

"खोलीचा नकाशा आहे, चाचा. माजघराचा नाही."

"बरोबर," चाचा म्हणाले. त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "अप्पा तुला काय म्हणून हाक मारत्यात रं?"

"रंगू म्हणायचे."

म्हणायचे.

शब्द निघून गेला आणि मग श्रीरंगच्या कानांनी तो पकडला, सैल वायर पकडावी तसा. अप्पा तर आहेत. सकाळीच त्यानं त्यांना चमच्यानं चहा पाजला होता, एक डोळा मोबाइलवर ठेवून. चहा हनुवटीवर ओघळला तो त्यानं पुसला होता. तेव्हा अप्पांचे ओठ हलले होते का? त्याला आठवेना. आपल्याच बापाचे ओठ हलले की नाही हे आठवू नये, याची त्याला मनापासून लाज वाटली.

तरी माणूस हट्टी. विचारायला आलेला प्रश्न विचारल्याशिवाय उठला नाही, आवाज तेवढा खाली आला.

"मग चाचा… पाच की सात?"

चाचांनी घडी केलेला कागद त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हलकेच थोपटलं.

"तुझी मीटिंग हाय न्हवं? नीघ."

श्रीरंग खट्टू झाला. एवढ्या लांब आलो आणि उत्तर नाही ते नाहीच. चपला घालून तो अंगणात उतरला. सवयीनं खिशातून इयरफोन काढले. एक कानात गेला. दुसरा जाणार एवढ्यात पाठीमागून, डाव्या बाजूनं, कुणीतरी हाक मारली.

"रंगू…"

आवाज फार बारीक होता. पलंगापलीकडे जाणार नाही इतका.

"ओ!"

सबंध अंगानिशी तो गर्रकन वळला होता. हातातला इयरफोन मातीत पडला. 'ओ' कधी तोंडातून निघाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. किती वर्षांनी निघाला, तेही नाही. डोळे भरून आले होते, आणि ओसरीवर चाचांशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

चाचा मान खाली घालून स्क्रू फिरवत होते.

"काय चाचा? काय म्हणालात?"

"काही न्हाई… बघत हुतो, हायेस का."