दहा वर्षं टिकणारं कुलूप

बाणेरला एका परदेशी बँकेचं तंत्रज्ञान केंद्र होतं. क्वांटम संगणक आला की माहिती गुप्त ठेवणारी आजची डिजिटल कुलपं तो सहज फोडणार, म्हणून ती आधीच बदलून ठेवायची, हे तिथल्या ऋजुता खैरनारच्या टीमचं काम. एक दिवस मुख्यालयातून रणदिवे साहेब आले, ते ही टीम बंद करायचं ठरवूनच.

“अहो खैरनार, तो संगणक यायला अजून दहा वर्षं आहेत,” साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले. “आणि तुम्ही आत्ताच छत्री उघडून बसलात!”

सगळे हसले. ऋजुताची माणसं मात्र खाली बघत राहिली. उद्यापासून ती बेंचवर, म्हणजे कामाविना बसून, जाणार होती.

“बरोबर आहे, साहेब,” ऋजुता म्हणाली. “मग एक परवानगी द्या. दिवाळीला आपण समोरच्या बँकेला मिठाई पाठवतो ना, त्या डब्यासोबत यंदा तुमच्या सगळ्या ईमेलची प्रत पाठवू. आजच्याच कुलपात बंद करून.”

“वेड लागलंय का तुम्हाला?”

“कुलूप पक्कं आहे, साहेब. दहा वर्षं त्यांना एक अक्षर वाचता येणार नाही.”

“आणि त्यानंतर?” साहेब ओरडले. “प्रत जपून ठेवतील आणि सगळं वाचतील की!”

“चोरही आज तेच करतायत, साहेब. माल आत्ता नेतात, उघडणार तो संगणक आल्यावर.”

साहेबांनी समोरचा पाण्याचा ग्लास संपवला. टीम राहिली. निघताना त्यांनी ऋजुताला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “कुलपं बदलायला माझ्या ईमेलपासून सुरुवात केली तर चालेल ना?”