मुखपृष्ठावरची पोर

सांगलीच्या तात्यासाहेब दातारांच्या मासिकाचं दिवाळी मुखपृष्ठ वीस वर्षं वेणूताई अष्टेकर घरी बसून रंगवायच्या, आणि खाली झोकात सही ठोकायचे तात्यासाहेब. बाईमाणसाच्या नावावर अंक खपत नाही, असं त्यांचं म्हणणं.

यंदा त्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन भरलं. चित्रकार म्हणून तात्यासाहेबांच्या गळ्यात हार पडला, तशा वेणूताई उठल्या. "ही चित्रं माझी आहेत."

"सही माझी आहे, बाई," तात्यासाहेब हसले. "तुमच्याकडं पुरावा काय?"

"प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक मुलगी आहे. ती कोण, तेवढं सांगा."

"छे हो! जागा रिकामी दिसू नये म्हणून काढलेली कुठलीतरी पोर!"

"मग चित्रं सालाप्रमाणे लावून बघू या."

लोकांनी ती ओळीनं लावली. पहिल्या साली हनुवटीवर तीळ असलेली पाच वर्षांची पोर फुलबाजी धरून उभी. पुढच्या साली तिचे पुढचे दात पडलेले. मग दोन वेण्या, मग परकर, मग साडी. विसाव्या चित्रात तोच तीळ, आणि कडेवर बाळ.

"ही माझी शरयू," वेणूताई म्हणाल्या. "चार वर्षांची असताना गोवरानं गेली. दर दिवाळीला मी तिला एका वर्षानं मोठी करते."

तात्यासाहेबांनी गळ्यातला हार काढला. खालमानेनं म्हणाले, "उद्याच सगळ्या चित्रांवर तुमचं नाव घालतो."

"माझं नको, तिचं घाला. तिचं नाव शाळेच्या पटावरसुद्धा चढलं नाही हो."