टिकलीची नानकटाई आणि सहा सपाट चमचे

एक होती चिचुंद्री. नाव तिचं टिकली. बेकरीच्या मागे तिचं घर.

एकदा टिकली नानकटाई करायला बसली. साखर काढली. वेलची कुटली. मैदा तेवढा तोलायचा राहिला. तागडीत वजन ठेवायला गेली, तर वजन निसटलं. गडगड गडगड, डुबुक. गेलं मोरीच्या भोकात.

आता मैदा किती घ्यायचा? कमी पडला तर नानकटाई पसरणार. जास्त पडला तर दगड होणार. आणि भट्टी तर निवत चालली. टिकलीची छाती धडधड धडधड.

टिकली गेली लुटुलुटु, लुटुलुटु, चमच्याकडे.

"चमचेदादा, चमचेदादा, मैदा मोज. मग होईल माझी नानकटाई."

चमचा म्हणाला, "त्या वजनाचा मैदा म्हणजे माझे सहा चमचे. पण सपाट हं. वर डोंगर नको. सुरी डोंगर पाडेल, तर मी मोजेन."

टिकली गेली लुटुलुटु, लुटुलुटु, सुरीकडे. भट्टी निवत चालली. धडधड धडधड.

"सुरीताई, सुरीताई, डोंगर पाड. चमचा मैदा मोजेल. मग होईल माझी नानकटाई."

सुरी म्हणाली, "शी, मी गुळाने चिकट झालेय. तोटी मला धुईल, तर मी डोंगर पाडेन."

टिकली गेली लुटुलुटु, लुटुलुटु, तोटीकडे. भट्टी निवत चालली. धडधड धडधड.

"तोटीकाकू, तोटीकाकू, सुरीला धू. सुरी डोंगर पाडेल. चमचा मैदा मोजेल. मग होईल माझी नानकटाई."

तोटी कुरकुरली, "मी घट्ट बसलेय, बाई. तूप मला सैल करेल, तर मी सुरीला धुईन."

टिकली गेली लुटुलुटु, लुटुलुटु, तुपाकडे. भट्टी निवत चालली. धडधड धडधड.

"तूपशेठ, तूपशेठ, तोटी सैल करा. तोटी सुरीला धुईल. सुरी डोंगर पाडेल. चमचा मैदा मोजेल. मग होईल माझी नानकटाई."

तूपशेठ म्हणाले, "मी थिजलोय. भट्टी मला ऊब देईल, तर मी तोटी सैल करेन."

टिकली पळाली. लुटुलुटुलुटुलुटु, भट्टीकडे. निखारे काळे पडले होते. एकच लाल होता, तांदळाएवढा.

"भट्टीमावशी, भट्टीमावशी, तुपाला ऊब दे. तूप तोटी सैल करेल. तोटी सुरीला धुईल. सुरी डोंगर पाडेल. चमचा मैदा मोजेल. मग होईल माझी नानकटाई."

भट्टी हळूच म्हणाली, "मी विझत आलेय गं. कुणी फुंकर घालेल, तर मी ऊब देईन."

टिकलीने मागे पाहिलं. कुणी नाही. पुढे पाहिलं. कुणी नाही. आता कुणाकडे जायचं?

टिकलीने गाल फुगवले.

फू. काहीच नाही.

फू फू. राख उडाली, नाकात गेली. आऽऽक्छी.

फूऽऽऽ.

निखारा लाल झाला. शेजारचा लाल झाला. त्याच्या शेजारचाही लाल.

मग भट्टीने तुपाला ऊब दिली. तुपाने तोटी सैल केली. तोटीने सुरीला धुतलं, झुळझुळ. सुरीने पाणी झटकलं आणि डोंगर पाडला, सर्र. चमच्याने मैदा मोजला.

एक, सर्र. दोन, सर्र. तीन, सर्र. चार, सर्र. पाच, सर्र. सहा, सर्र.

"बस," चमचा म्हणाला. "सातवा नको."

टिकलीने तूप घातलं. पीठ मळलं. गोल गोल गोळे भट्टीत ठेवले. आणि वाट बघत बसली.

नानकटाई पसरली नाही. दगडही झाली नाही. छान फुलली, वरून तडकली. टिकलीने एक उचलली.

कुर्रम. कुर्रम. धडधड थांबली.

नानकटाई सरली, गोष्टही सरली. खाली चुरा सांडला, तो मुंगीचा.