तिर्साची हाक

“गुरुजी, तुमचं अंग तर धडधाकट आहे. मग वाटेवर माणूस दिसला की ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं तुम्ही का ओरडता?”

मत्तन्याने हे चुना फासलेल्या दगडाच्या अलीकडे उभं राहून विचारलं. दगडापलीकडे कुष्ठरोग्यांच्या गुहा होत्या. गावातलं कुणी तो दगड ओलांडत नसे, कारण जो ओलांडेल तो पलीकडचाच झाला.

म्हातारा अजऱ्या गुहेच्या तोंडाशी बसला होता. एके काळी तो गावातल्या विश्वासणाऱ्यांच्या मंडळीला प्रभूची वचनं शिकवायचा, आणि मत्तन्या त्याचा लाडका शिष्य होता. मग एक दिवस अजऱ्या दगड ओलांडून गेला तो परत आलाच नाही. मंडळीने थोडे दिवस हळहळ केली आणि दुसरा गुरू पाहिला. माणसं चटकन सावरतात.

“हिचा घसा गेलाय,” अजऱ्या म्हणाला. “हिच्या वाटचं मी ओरडतो.”

ही म्हणजे तिर्सा, मत्तन्याची आई. ती अजऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून ग्लानीत पडली होती. रोगाने आधी तिची बोटं नेली, मग डोळे, मग आवाज. पण रीत कुणाला सुटत नव्हती. रोग्याने ओरडून सावध केलं नाही, तर वाटसरूने दगड मारायचे.

मत्तन्या अधूनमधून येऊन दगडावर जवाची भाकर ठेवून जायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज कुणी ऐकला असता तर पंचाईत होती. आई कधीच वारली, असं त्याने मंडळीत सांगून ठेवलं होतं. लोकांनी त्याचं सांत्वन केलं, आणि त्याने ते मान खाली घालून घेतलंही होतं. उद्या मंडळी त्याला वडीलपण, म्हणजे मंडळीचं पुढारपण, देणार होती. भाकर मोडून सगळ्यांना वाटायचा मान आता त्याचा होणार होता.

आज मात्र तो कळवळून बोलत होता. आपण किती उपास केले, गुडघे सोलवटेपर्यंत कशी प्रार्थना केली, हे त्याने सगळं सांगितलं. प्रभूने नुसत्या शब्दाने रोगी बरे केले, मग आपल्या आईचा एक डागही का पुसला जात नाही, असं त्याने विचारलं.

“कोणती प्रार्थना राहिली, गुरुजी? तेवढी शिकवा.”

अजऱ्याने ओलं फडकं तिर्साच्या ओठांवर पिळलं. पाणी गालावरून ओघळून गेलं.

“ही आजचा दिवस काढत नाही,” तो म्हणाला.

मत्तन्याने हातातली भाकर दगडावर ठेवली.

“आवाज होता तोवर भाकर भरवताना दर वेळी विचारायची... कुणी आणली?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“कुणीतरी ठेवून गेलं, म्हणून सांगितलं. तू कुठे बोलला होतास?”

मत्तन्याने मागे वळून वाट पाहिली. वाटेवर कुणी नव्हतं. मग तो दगड ओलांडून आला आणि गुडघ्यांवर बसला. अजऱ्याने तिर्साचं डोकं उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. कुणाची मांडी आहे हे तिला कळलं नाही. ती तशीच ग्लानीत पडून राहिली.

‘आई’ म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोच वळणावरून बोलणं ऐकू आलं. शेजारच्या गावाहून परतणारे तिघे जण होते, तिघेही त्याच्याच मंडळीतले. त्यांना गुहेशी माणसं दिसली, पण हाक काही आली नाही. ते जागीच थबकले. प्रभूचं नाव घेणारी माणसं होती, पण दगड उचलायला त्यांनाही वेळ लागला नाही.

“गुरुजी, ओरडा,” मत्तन्या पुटपुटला.

अजऱ्याने आपल्या ओठांवर बांधलेलं फडकं सोडलं. रोग्यांनी तोंड झाकून ओरडायचं असतं, म्हणून तो ते बांधायचा. फडकं त्याने मत्तन्याच्या हातात दिलं आणि तो गप्प बसला.

पहिला दगड तिर्साच्या पायाशी पडला. ती दचकून जागी झाली. तोंड उघडून तिने ओरडायचा प्रयत्न केला, पण नुसती हवा बाहेर आली...

मत्तन्याने फडकं ओठांवर धरलं. तो गाठ मारायला गेला, पण ती बसेना. शेवटी ते गळून पडलं.

“अशुद्ध,” तो ओरडला. “अशुद्ध...”

वाटेवरचे हात थांबले. तिघांतल्या एकाने हळूच त्याचं नाव घेतलं. मग ते वाटेच्या पार पलीकडच्या कडेने, मान वळवून निघून गेले. संध्याकाळच्या आत गावभर होणार, हे मत्तन्याला कळत होतं. तो ढसाढसा रडू लागला.

तेवढ्यात मांडीवर हालचाल झाली. बोटं नसलेला हात चाचपडत वर आला, त्याच्या हनुवटीला लागला आणि तिथेच थांबला.

मत्तन्याला हुंदक्यांमुळे बोलता येईना. हात हळूहळू खाली घसरू लागला.

अजऱ्या वाकला.

“तुझा आवाज ओळखलाय तिने,” तो म्हणाला. “अजून एकदा ओरड.”