पाच नंबरवरची गोळी

“माझी गोळी कुठे गेली, उस्ताद?”

प्रताप जाचक खंदकाच्या काठावर उभा राहून ओरडत होता. चांदमारी थांबल्याचा भोंगा वाजला तसा तो हजार यार्ड धावत आला होता. ऊर धपापत होता, पण आवाज काही खाली येत नव्हता.

खाली खंदकात दगडूभाई तांबोळी खोक्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“झेंडी दिसली नाही का?”

“दिसली ना! लाल झेंडी. म्हणजे गोळी निशाणाला लागलीच नाही. माझी गोळी! बारा वर्षं बंदूक धरतोय मी, आणि तुम्ही आख्ख्या तालुक्यासमोर मला लाल झेंडी दाखवता?”

“लागली नाही, म्हणून दाखवली.”

आता बोला! दुसरा कोणी असता तर प्रतापनं त्याची गचांडी धरली असती. पण हे पडले उस्ताद. श्वास कुठे रोखायचा, बोट कधी आवळायचं, सगळं यांनीच शिकवलेलं. पाच वेळा या मैदानाची ढाल जिंकलेला माणूस. डोळे अधू झाले तशी त्यांनी बंदूक ठेवली आणि खंदक धरला. निशाण खाली ओढायचं, भोक कुठे पडलं ते वर दाखवायचं, मग कागद डकवून ते बुजवायचं. हमाली, दुसरं काय! प्रतापला कायम असंच वाटायचं. आणि आज त्या हमालीनं त्याचा गळा कापला होता.

शेवटची गोळी उरली तेव्हा तो तीन गुणांनी पुढे होता. चार नंबरचं निशाण त्याचं, शेजारचं पाच नंबरचं सोनू गवाणकरचं. गवाणकर म्हणजे पोस्टातला कारकून, जाड भिंगांचा चष्मा, बंदूकसुद्धा क्लबाची. दोघांनी जवळजवळ एकदमच घोडा ओढला. चारवर लाल झेंडी हलली. पाचवर मधोमध गोळी दाखवली, पुरे पाच गुण. दोन गुणांनी ढाल त्या चष्मिष्टाची झाली.

सलग तिसऱ्या वर्षी जिंकली की ढाल कायमची घरी न्यायची, असा इथला रिवाज. गेली दोन वर्षं जिंकलेल्या प्रतापनं दिवाणखान्यात खिळा ठोकून ठेवला होता.

“झोपला होतात तुम्ही,” तो म्हणाला. “भोक तुम्हाला दिसलंच नाही.”

“खाली ये. तूच बघ.”

तो उडी मारून खाली उतरला. चार नंबरचं निशाण त्यानं वरपासून खालपर्यंत चाचपलं. चौकट पाहिली, कडा पाहिल्या, मागून उजेडाला धरून पाहिलं. टाचणीएवढंही नवं भोक नाही.

“आधीच्याच भोकातून गेली असेल.”

दगडूभाई हसले.

“नाचता येईना, अंगण वाकडं.”

“उस्ताद, थट्टा नको! माझी तीन वर्षांची मेहनत मातीत गेलीय.”

“बरं. थट्टा नाही. शेजारी बघ.”

पाच नंबरचं निशाण तसंच उभं होतं. त्यावर ताजी भोकं दोन. एक खाली, डाव्या अंगाला, पार कडेला… दोन गुणांचं. दुसरं थेट मधोमध. असं मधोमध, की फूटपट्टी लावून पाडावं.

प्रताप बघत राहिला.

“एका गोळीची दोन भोकं पडत नाहीत,” दगडूभाई म्हणाले.

“मग? मी दुसऱ्याच्या निशाणावर गोळी मारली म्हणता? मी? अहो, पहिल्या दिवशी आलेलं पोरसुद्धा असं करत नाही!”

“सगळ्यांनी केलंय, बाबा. माझा आजा याच मैदानावर निशाण ओढायचा. तो सांगायचा, आधी लोखंडाच्या पाट्या असत. गोळी लागली की ठण्ण वाजायची. साहेब लोक पाठीवर उताणे पडून, पायावर नळी टेकवून मारायचे. धूर असा व्हायचा की बंदूकही दिसेना. तेव्हाही हेच व्हायचं. बंदुका बदलल्या, गोळ्या बदलल्या, लोखंड गेलं, कागद आला. ही एक चूक तेवढी तशीच राहिली.”

“मग नियम काय सांगतो?”

“एका निशाणावर दोन भोकं, कुठलं कुणाचं कळत नाही… तर ज्याचं निशाण, त्याला चांगलं भोक द्यायचं.”

“हा कुठला न्याय? गोळी एकाची, गुण दुसऱ्याला!”

“काय करणार? अशा गोळीला मालक कधी सापडतच नाही. म्हणून नियम करावा लागला.”

प्रतापच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“शेवटची गोळी मारायच्या आधी तू कुठे बघत होतास?” दगडूभाईंनी विचारलं.

“वाऱ्याच्या झेंड्यांकडे.”

“त्याच्यानंतर?”

त्यानंतर त्यानं दुर्बिणीतून पाच नंबरकडे पाहिलं होतं. तो कारकुंडा आपल्या किती जवळ आलाय, ते बघायला. तिथूनच नजर परत बंदुकीवर आली होती. प्रतापला हे लख्ख आठवलं, आणि आठवलं म्हणूनच तो आणखी भडकला.

“मी आरोपी आहे का इथे? उलटतपासणी कसली घेताय?”

तेवढ्यात सोनू गवाणकर धापा टाकत काठावर आला. हातात वही होती. घामानं चष्मा नाकावरून घसरत होता.

“उस्ताद, मधली गोळी माझी नाही!”

“कशावरून?”

गवाणकरनं वही पुढे केली. गोळी सुटली की ती कुठे लागली असेल ते आपल्याच मनाला विचारायचं आणि निशाण खाली जायच्या आत लिहून टाकायचं, ही दगडूभाईंची शिकवण. प्रतापनं असली वही केव्हाच फेकून दिली होती. गवाणकरच्या वहीत शेवटच्या ओळीवर लिहिलं होतं: खाली, डावीकडे. घोडा हिसकला.

“जाचकसाहेब, गोळी तुमची आहे,” गवाणकर म्हणाला. “एवढी सुरेख गोळी मला जन्मात जमायची नाही. मला परक्याच्या गोळीवर ढाल नको. घरी कुठल्या तोंडानं दाखवू?”

दगडूभाईंनी खंदकातल्या फोनचा दांडा फिरवला आणि पंचांना सगळं सांगितलं. मग बराच वेळ ते नुसतेच हं, हं करत होते. फोन ठेवून प्रतापकडे वळले.

“ऐक. मधली गोळी आपली आहे, असं तू सहीनिशी लिहून दे. गवाणकरला त्याचे दोन मिळतील. तुला शून्यच. पण तू तीननं पुढे होतास. एका गुणानं ढाल तुझी.”

“माझी?”

“तुझी. कायमची.”

प्रतापचा चेहरा उजळला… आणि लगेच काळवंडला.

“काय लिहायचं नेमकं?”

“खरं ते. मी दुसऱ्याच्या निशाणावर गोळी मारली. बक्षिसाच्या वेळी पंच ते वाचून दाखवतील.”

“वाचून? सगळ्यांसमोर?”

“निकाल का बदलला, ते लोकांना सांगायला नको?”

प्रतापच्या डोळ्यांसमोर मांडव आला, खुर्च्या आल्या, पहिल्या रांगेतले सासरे आले. आणि सगळे तोंडावर रुमाल धरून हसताहेत. जाचकांच्या प्रतापला चार आणि पाच कळत नाही म्हणे!

“मी असलं काही लिहिणार नाही,” तो म्हणाला. “लिहायचंच तर खंदकातल्या माणसाची चूक झाली असं लिहा.”

“माझी?” दगडूभाईंनी शांतपणे विचारलं.

प्रतापनं नजर चुकवली.

गवाणकरनं हात जोडले. “साहेब, एका ओळीचा तर प्रश्न आहे. मी उभा राहतो तुमच्या शेजारी. लोकांना हसायचं तर आपल्या दोघांनाही हसू देत.”

हे मात्र अति झालं. हा पोस्टातला माणूस आपल्यावर उपकार करणार? आपल्याला सांभाळून घेणार?

“तुझी भीक नकोय मला! ऐक नीट, आणि तुम्हीही ऐका, उस्ताद. प्रताप जाचक दुसऱ्याच्या निशाणावर गोळी मारत नाही. ती गोळी माझी नाही!”

दगडूभाईंनी पुन्हा फोनचा दांडा फिरवला.

“पाचवरची मधली गोळी गवाणकरची… हो. जाचक नाही म्हणतात.”

गवाणकर वही मिटून, मान खाली घालून निघून गेला. ढाल जिंकलेला माणूस, पण चालला होता दंड झाल्यासारखा.

प्रताप तिथेच उभा.

“अन्याय झाला माझ्यावर, उस्ताद. धडधडीत अन्याय! आणि तुम्ही माझे गुरू म्हणवता, तुम्ही इथे बसून बघत राहिलात.”

दगडूभाई उठले. कागदाचा एक चौकोनी तुकडा घेऊन त्याला खळ लावली आणि पाच नंबरच्या निशाणापाशी गेले. मधल्या भोकावर त्यांनी अंगठा फिरवला… एकदा, मग पुन्हा एकदा. डोळे अगदी जवळ नेऊन ते भोक पाहत राहिले. मग कागद डकवला आणि तळहातानं सारखा केला.

“बारा वर्षांत तुझी एवढी देखणी गोळी मी पाहिली नव्हती, प्रताप… बेवारस गेली रे.”