मनगटाकडची रेघ

“आता तरी माझं ऐकाल का, बुवा? दगडाला अक्षर शिकवता येतं का?”

गोमाजीबुवा डोंगर चढून नुकतेच मठाच्या ओट्यावर टेकले होते. पाच महिन्यांनी परतले होते. लकव्यानं उजवा हात लुळा पडला होता. तो त्यांनी डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

“आधी पाणी तरी दे,” ते म्हणाले.

त्रिविक्रमनं पाणी दिलं. ओशाळायला तिथंच सुरुवात करायला हरकत नव्हती, पण त्याला अजून थोडा वेळ होता.

काशीला सात वर्षं काढून आलेला हा शिष्य. मठात सगळे त्याला शास्त्री म्हणत. कुणी विसरलं, तर तो दोन दिवस घुश्शात असे.

“कुठल्या दगडाबद्दल म्हणतोस?”

“भिवाबद्दल.”

अंगणात लाकडी फळीवर बसून भिवा वाखाची दोरी वळत होता. पस्तिशीचा माणूस. चौथ्या वर्षी तापात त्याचे डोळे गेले, कानही गेले. पुढची सव्वीस वर्षं भावाच्या गोठ्यात गेली. विहिरीत पडू नये म्हणून पाय खुंट्याला बांधलेला असे.

बुवांनी त्याला तिथून सोडवून आणलं. हातावर पाणी ओतायचं आणि तळहातावर बोटानं ‘पाणी’ लिहायचं. हातात दोरी द्यायची आणि ‘दोरी’ लिहायचं. पहिला शब्द कळायला चौदा महिने लागले. तोवर बुवा कंटाळले नाहीत आणि भिवाही कंटाळला नाही. दोघांत जास्त हट्टी कोण, यावर मठात पैजा लागत.

पाच वर्षांत चाळीस शब्द झाले, आणि बुवांना लकवा झाला. वैद्यांकडे जाताना ते भिवाला त्रिविक्रमच्या हवाली करून गेले होते.

“एक दिवस चुकवला नाही मी,” त्रिविक्रम म्हणाला. “पण तुमचे चाळीस शब्दही विसरलाय तो. नवा तर एक नाही. माझा हात ओढतो आणि नुसते ओरखडे काढत बसतो.”

“मग तू काय करतोस?”

“काढून घेतो हात. दुसरं काय करणार?”

बुवांनी फाटकाकडे पाहिलं.

फाटकाशी बैलगाडी उभी होती. भिवाचा भाऊ रावजी पागोटं सावरत पुढं आला.

“बुवा, न्यू का ह्याला? शास्त्रीबुवांनी सांगावा धाडला, की ह्याचा काय उपेग न्हाई म्हनून. गोठ्यात जागा हाय अजून.”

“आणि खुंटा?”

“त्यो बी हाय.”

रावजीच्या मनात पाप नव्हतं. विचारलं त्याचं त्यानं उत्तर दिलं होतं.

बुवा त्रिविक्रमकडे वळले.

“पाच महिने तू शिकवलंस. तेव्हा तू म्हणशील तसं होईल. तू ‘ने’ म्हणालास, तर रावजी त्याला घेऊन जाईल. फक्त त्याआधी एकदा त्याचं ऐकून घे.”

“त्याचं? बुवा, तो बोलतो कुठं…”

“ये.”

बुवांनी फळीवर दोनदा काठी आपटली. भिवाला मारायची हाक तीच होती. लाकूड थरारलं, तसं भिवानं तोंड वर केलं. बुवा त्याच्या एका अंगाला बसले. त्रिविक्रमला त्यांनी दुसऱ्या अंगाला, फळीवरच बसवलं.

“डोळे मीट. हात दे त्याच्याकडे.”

भिवानं हात चाचपला. बोटातली तांब्याची अंगठी लागली, तेव्हा हात कुणाचा ते त्याला कळलं. तो घाईघाईनं त्यावर बोट फिरवू लागला.

“काय म्हणतो?”

“काही नाही. ओरखडे.”

“थांब जरा.”

…

“अक्षरासारखं वाटतंय काहीतरी. पण रेघ मनगटाकडे ओढतोय. अक्षरावरची रेघ बोटांकडे यायला हवी.”

“हं. डोळे उघड. आता माझ्या हातावर ‘पाणी’ लिही. भिवाला रोज लिहायचास तसं. अगदी तसंच.”

त्रिविक्रम उठला आणि आतून पाट घेऊन आला. गुरूनं पाटावर, शिष्यानं समोर जमिनीवर. काशीत तो असाच शिकला होता. शिष्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून शिकवणारा गुरू त्यानं आयुष्यात एकच पाहिला होता. ते बसणं त्याला मनातून कधी आवडलं नव्हतं. सांगायची हिंमत मात्र झाली नव्हती.

आज पाटावर बसताना तो घुटमळला, कारण समोर बुवा होते. बुवांनी मानेनंच बस म्हटलं आणि आपला लुळा हात त्याच्यापुढं ठेवला. त्रिविक्रमनं आपल्या बाजूनं, वळणदार ‘पाणी’ लिहिलं आणि वर रेघ ओढली.

“रेघ कुठं आली?”

त्रिविक्रमनं खाली पाहिलं.

त्याचं बोट अजून तिथंच होतं. बुवांच्या मनगटाशी.

“बुवा…”

बुवांनी हात मागं घेतला नाही.

पाच महिने तो भिवाच्या समोर, पाटावर बसून, त्याच्या हातावर अक्षरं उलटी लिहीत होता. आणि भिवा काही विसरला नव्हता. तेच चाळीस शब्द तो पहिल्यापासून पुन्हा शिकला होता, उलटे. रोज लिहून दाखवत होता. आणि हा रोज हात काढून घेत होता.

त्रिविक्रमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोंड कुठं लपवावं, ते त्याला कळेना. भिवाला तर त्याचं तोंड दिसतही नव्हतं, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

तो पाटावरून उतरला आणि पुन्हा फळीवर बसला. हात पुढं केला. भिवा लिहू लागला. आता रेघ मनगटाकडे धरून त्रिविक्रम एकेक अक्षर मनात फिरवून वाचत होता.

“काय म्हणतो?”

“पाणी… दोरी… ऊन… मीठ. हे तुमचे शब्द. चिंच, घंटा, सुतळी… हे माझे. सगळे म्हणतोय, बुवा. थांबतच नाही.”

“एवढी घाई कशाची त्याला?”

उत्तर त्रिविक्रमला ठाऊक होतं. आल्याआल्या रावजीनं भिवाच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात भिवानं ओळखला होता. तेव्हापासून त्याच्या कपाळावरचा घाम खळला नव्हता.

त्रिविक्रम उठून फाटकाशी गेला. मठातली चार माणसं तिथं उभी होती. त्यांच्यासमोर बोलायचं त्याच्या जिवावर आलं, तरी तो बोलला.

“रावजी, गाडी रिकामी ने. भिवाला सगळं येतं. मला शिकवता येत नव्हतं. निरोप खोटा होता माझा.”

रावजीनं पागोटं मागं सारलं. शास्त्र्यानं आपली चूक कबूल केल्याचं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“मंग त्यो खुंटा उपटू म्हनता?”

“उपट.”

त्रिविक्रम परत आला. पाट त्यानं भिंतीशी उभा केला आणि भिवाच्या शेजारी बसला. बुवा बसत तसा, मांडीला मांडी लावून. भिवाचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यावर सुलट लिहिलं. रेघ बोटांकडे.

‘घर.’

मग त्यानं फळीवर थाप मारली. एकदा, दोनदा. हेच घर.

भिवा थबकला. त्यानं अंगठी पुन्हा चाचपली. अक्षर बुवांसारखं, पण हात शास्त्र्याचा. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. लहान मुलाचं चुकलं की मोठ्यांना येतं तसं. पाटी पुसावी तसा त्यानं त्रिविक्रमचा तळहात आपल्या पंजानं पुसला आणि त्यावर सावकाश, समजावून, तोच शब्द लिहिला.

उलटा. रेघ मनगटाकडे.

त्रिविक्रमच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“बुवा, मलाच दुरुस्त करतोय तो. चूक माझी होती, हे मी त्याला कसं सांगू? ‘चूक’ हा शब्दच त्याला शिकवलेला नाही…”

भिवानं तळहात पुन्हा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“सांगू नकोस,” बुवा म्हणाले. “नुसता हात काढून घेऊ नकोस.”